पाच मैत्रिणी, दोन दिवस, एक जलदुर्ग : कुलाबा, जंजिरा की मालवण?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मैत्रिणी, डोंबिवलीतल्या एकाच शाळेच्या. आता दोघी ठाण्यात, एक पुण्याला, एक नाशिकला आणि एक बडोद्याला. वर्षभर ग्रुपवर "भेटू या गं" चालू असतं. यंदा जानेवारीत दोन दिवस सगळ्यांच्या रजा जमताहेत. आदल्या रात्री सगळ्या माझ्याकडे मुक्कामाला, आणि पहाटे गाडी काढायची.

एवढंच ठरलंय की समुद्रातला एखादा किल्ला बघायचा आणि तिथलं, त्या गावचं खायचं. मागच्या वेळी एका रिसॉर्टवर गेलो होतो. खोलीच्या गॅलरीतून समुद्र दिसत होता आणि जेवायला पनीर बटर मसाला, मंचुरियन, गुलाबजाम. दोन्ही वेळा तेच. यंदा तसं अजिबात नको आहे.

अडचणी सांगते. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते छान, पण उड्या मारणं आणि उंच पायरी नको. एकीला होडीची मनापासून भीती वाटते. एक पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. उरलेल्या आम्ही दोघी मासे मिळाले तर नाश्त्यालाही खाऊ.

अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग अशी तीन नावं पुढे आली आहेत. कोणी तिथलं असेल तर सांगा, यातलं काय निवडावं? आणि शाकाहारी मैत्रिणीला वरण-भातावर बसवायचं नसेल तर काय करावं?

सर्जेकाठी

मी मालवणचा. माझं मत मालवणलाच, पण दोन दिवसांत ठाण्याहून येऊन जाणं म्हणजे निम्मा वेळ रस्त्यात. रात्रीच्या कोकणकन्येने निघालात तर सकाळी कुडाळ, तिथून गाडीने तासाभरात मालवण. हातात चार दिवस असतील तरच या.

आलात तर सिंधुदुर्गाचा दरवाजा होडीतून शोधून बघा. अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड गोमुखी पद्धतीने वळवून घेतलाय. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर कामाला सुरुवात झाली. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चारी बाजूंना खारं पाणी आणि यांचं पाणी गोड. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलेलं. आणि किल्ल्यात अजूनही कुटुंबं राहतात, त्यामुळे तिथे नुसते दगड बघितल्यासारखं होत नाही.

शाकाहारी ताईंची काळजी मालवणात करू नका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, आंबोळी, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून शिरवाळे किंवा खापरोळी. आम्ही श्रावणात हेच खातो आणि कोणाला काही कमी पडत नाही. मासे खाणाऱ्यांनी तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मागायचं. तिरफळ मात्र चावायचं नाही, बाजूला काढायचं.

नागावची

ठाणेकरीण ताई, मी अलिबागजवळच्या नागावची. माहेर इथलं, सासरही दोन आळ्या सोडून. आम्हा शाळेतल्या मैत्रिणींची दर थंडीत एक फेरी कुलाब्याला आणि एक पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) शेतावर, हे ठरलेलं असतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमच्या पाचजणींचं वर्णन वाचून मला तरी दुसरं नाव सुचत नाही, कुलाबाच करा.

पण तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. बहुतेक लोक सुट्टी बघून येतात. पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहतात तेव्हा समोर किल्ला आणि मध्ये भरलेला समुद्र असतो. मग होडी, नाहीतर लांबून फोटो. त्याच वाळूवरून सकाळी माणसं चालत जाऊन आलेली असतात. तुमच्या होडीला घाबरणाऱ्या मैत्रिणीला होडीत न बसता समुद्रातल्या किल्ल्यात जाता येईल, अशी जागा कुलाब्याइतकी सोपी जवळपास दुसरी नाही. वेळ तेवढी साधायला हवी.

वेळ काढायची आमच्याकडची रीत अशी : तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. दिवसातून दोनदा हेच चक्र. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, पंधरवडा बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं. माझ्या आजोबांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्यातली पाऊणकी त्यांना जन्मभर समुद्रासाठी उपयोगी पडली. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हा त्याचा तोंडी हिशेबाला सोपा पडणारा आकडा. अर्ध्या तासाचा फरक धरायचा आणि मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता बघून खात्री करून घ्यायची.

दुसरी गोष्ट, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आता गंमत बघा : अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते, पण भांगामुळे वाटेत पाणी राहू शकतं. पौर्णिमेला वाळू छान उघडी पडते, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे एकदा अंधार आणि एकदा किल्ला बंद व्हायची वेळ. म्हणून आम्ही द्वितीया ते चतुर्थी या तीन तिथींतलाच दिवस धरतो. ओहोटी साडेसात ते नऊच्या दरम्यान, ऊन कोवळं, वाळू घट्ट.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागायचं. पाणी पुन्हा चढायला लागलं की किल्ल्यात रेंगाळायचं नाही, मंदिरातल्या पुजाऱ्यांना किंवा दारावरच्या माणसाला विचारून वेळेत बाहेर पडायचं. "अजून पाच मिनिटं" म्हणत थांबलेले लोक अडकतात. दरवर्षी कोणी ना कोणी कमरेइतक्या पाण्यातून येण्याचा हट्ट करतं आणि जिवावर बेततं. यात मस्करी नाही.

वाट वाळूची, सपाट. गुडघेवाल्या ताईंना चालणं जड वाटलं तर किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, थेट किल्ल्यापाशी सोडतात. शेवटच्या टप्प्यात खडक येतो. त्याला कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अनवाणी जाऊ नका, रबरी चपलाही नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला. याच खडकावर तुम्हाला बायका उकिडव्या बसलेल्या दिसतील. हातात टोकदार लोखंडी हत्यार, त्याने कालवाचं वरचं कवच ठक्कन फोडायचं, आतला इवलासा गर डब्यात टाकायचा. डबा भरायला अख्खी ओहोटी जाते. बाजारात कालवांचा वाटा घेताना भाव करणारे लोक बघितले की मला हा खडक आठवतो. मी कालवांना कधी भाव करत नाही.

किल्ल्यात शिरण्याआधी तटाकडे नीट बघा. दगडावर दगड नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट येऊन आदळते तेव्हा पाणी फटींतून आत जातं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि पाणी तसंच परत येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हे काम सुरू करवलं आणि थोड्याच दिवसांत महाराज गेले. पुढे संभाजी महाराजांनी ते पुरं केलं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा किल्ला आरमाराचं मोठं ठाणं झाला. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, तिच्याजवळ सिद्धिविनायकाचं मंदिर, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या लोखंडी गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, गाड्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव अजून वाचता येतं. तिथून शेजारचा चिमुकला सर्जेकोट दिसतो. आम्ही नेहमी तिथेच बसून घरून आणलेले पोहे खातो आणि कागद-डबे परत घेऊन येतो. शहरात कान्होजींची समाधी आहे, ते १७२९ मध्ये गेले. येताना पाच मिनिटं तिथे थांबा, सहसा कोणी थांबत नाही.

आता खाणं. मुक्काम नागाव, आक्षी, चौल यांपैकी कुठेही घरगुती ठिकाणी करा. आधी फोन करून एकच प्रश्न विचारा : "आम्ही मासळी आणली तर करून द्याल का?" हो म्हणाले तर तिथेच राहा. किल्ल्यावरून उतरलात की सरळ अलिबागच्या मासळी बाजारात जायचं. आधी पापलेटकडे बघू नका, त्याचा भाव मुंबईत असतो तोच. ओले बोंबील घ्या. ताजा बोंबील पारदर्शक, गुलाबीसर आणि ताठ असतो, पांढरा पडून लिबलिबीत झालेला नको. घरी आणून मधून चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवायचा म्हणजे सगळं पाणी निघून जातं. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, आणि तांदळाचं पीठ लावून तव्यावर. कडेने कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा मऊ. सोबत हातावर थापलेली तांदळाची भाकरी. खारेपाटातल्या तळ्यातला जिताडा मिळाला तर सोडू नका. आमच्याकडे जावई येणार असला की सासरा आधी जिताड्याची सोय बघतो.

शाकाहारी ताईंसाठी कडव्या वालाचं बिरडं, वर ओलं खोबरं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेलं. हे आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी मागून मिळत नाही. पण खरं म्हणजे त्यांच्यासाठी जानेवारीत पोपटी आहे. ती तुम्ही पाचही जणी मिळून करा. त्याबद्दल हवं असेल तर वेगळं लिहिते, हे आधीच फार लांबलं.

दगडी बंदर

मी मुरूडचा आहे आणि जंजिऱ्याला कोणी असं बाजूला सारलेलं मला आवडत नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जायचं, इंजिनाचा आवाज नाही, नुसतं वारा आणि कापड. दरवाजा जवळ जाईपर्यंत लपलेला. एकोणीस बुरुज, आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव, कलालबांगडी तोफ. मराठे, इंग्रज, पोर्तुगीज कोणालाही तो घेता आला नाही. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला होता. संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये.

समोर पद्मदुर्ग दिसतो, त्याचीही एक खासियत सांगतो. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी बोटभर झिजून आत गेलेत, पण दगडांमधला चुना जसाच्या तसा उभा आहे. तटाच्या भिंतीवर चुन्याची जाळी दिसते. वर कुलाब्याचा बिनचुन्याचा तट सांगितलाय, दोन्ही पाहिले की आपल्या गवंड्यांनी समुद्राशी किती वेगवेगळ्या रीतीने टक्कर दिली ते कळतं.

तरीही ठाणेकरीण ताई, तुमच्या गटाला यंदा जंजिरा नको असंच म्हणेन. होडी दरवाजाच्या पायऱ्यांना लागते तेव्हा ती वरखाली होत असते, आणि नेमक्या क्षणी पाय टाकून वर यावं लागतं. होडीवाले हात देतात, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तो झटका बरा नाही. आणि ज्यांना होडीची भीती आहे त्यांना पहिल्यांदाच शिडाच्या कललेल्या होडीत बसवू नका. दुसऱ्या दिवशी हातात वेळ असेल तर रेवदंड्यावरून मुरूडपर्यंत गाडीने या. वाटेत कोर्लई लागतं, त्या गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली स्वतःची वेगळी बोली घराघरांत बोलतात. जंजिरा किनाऱ्यावरून बघा आणि पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

भायखळा लोकल

एखादीची रजा ऐन वेळी रद्द झाली आणि एकच दिवस उरला तर घारापुरी. गेटवेवरून लाँचने तासभर. सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही ऑफिसातले मित्र जातो ते सकाळच्या पहिल्या लाँचने, कारण अकराच्या पुढे त्रिमूर्तीसमोर उभं राहायलाही जागा नसते. लेणी बघून झाल्यावर मंडळी लगेच परत फिरतात, तुम्ही तसं करू नका. बेटावर गावं आहेत, तिथे वीज पोचली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असताना. गावातल्या एखाद्या घरी आधी सांगितलं तर भाकरी, सुकटीची चटणी, कोळंबी असं जेवण मिळतं.

ज्या दगडी हत्तीवरून या बेटाला एलिफंटा हे नाव पडलं तो आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. परतल्यावर तोही बघून टाका म्हणजे सहल पुरी झाली.

ठाणेकरीण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद! ग्रुपवर हे सगळं पाठवलं. बडोदेवालीने लगेच कालनिर्णय काढलं. आमच्याकडे दोन पर्याय आहेत. एक शनिवार-रविवार, षष्ठी-सप्तमी. दुसरा मंगळवार-बुधवार, द्वितीया-तृतीया. मंगळवार-बुधवार घेतला तर नाशिकवालीला एक दिवस बिनपगारी रजा काढावी लागेल, ती तयार आहे पण मला वाईट वाटतंय. नागावचीताई, षष्ठीला खरंच जमणार नाही का?

आणि पोपटी! नाव ऐकलंय, खाल्ली नाही कधी. शाकाहारी मैत्रीण विचारते आहे की त्यात कोंबडी असते ना, मग तिचं काय?

नागावची

षष्ठीला सहा पाऊण साडेचार, म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. भांग जवळ आलेला असतो. घोडागाडीने जाता येईल, पाय भिजवत चालतही कदाचित जमेल, पण त्या दिवशी पाणी किती उतरेल ते इथे बसून मी सांगू शकत नाही. होडीला घाबरणाऱ्या मैत्रिणीला घोटाभर पाण्यातून चालत न्यायचं की कोरड्या वाळूवरून, हा प्रश्न आहे. शिवाय शनिवारी किनाऱ्यावर गर्दी. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, ओहोटी सव्वाआठला. मी असते तर नाशिकवालीला रजा काढायला लावली असती आणि तिच्या त्या दिवसाचे पैसे चौघींनी मिळून भरले असते. आमच्यातली एक शिवणकाम करते, तिचा दिवस बुडाला की पैसे बुडतात, म्हणून आम्ही बाकीच्या तिचा खर्च वाटून घेतो. त्यावर कधी चर्चाही होत नाही.

तर असं करा. मंगळवारी निवांत निघा. पेण-वडखळच्या वाटेवर थांबून पोह्याचे पापड घ्या. पांढऱ्या कांद्याची माळ जानेवारीत अजून लवकर आहे, दिसली तर विचारून घ्या, कारण अलिबागचा म्हणून भलताच कांदाही विकतात. खरा पांढरा कांदा कच्चा खाल्ला तर गोडसर लागतो, डोळ्यांत पाणी आणत नाही. दुपारी आक्षीत रस्त्याकडेचा शिलालेख बघा, शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतला सर्वांत जुना म्हणून सांगतात तो. संध्याकाळी पोपटी. बुधवारी सकाळी सातला कुलाबा, मग बाजार, मग जेवण, आणि चारला परतीची वाट.

आता पोपटी. भात कापून झाला की त्याच शेतात जमिनीतल्या ओलाव्यावर वाल पेरतात. पौष-माघात त्याच्या शेंगा भरतात आणि तेव्हाच पोपटीचे दिवस. या शेंगा बाजारातून आदल्या दिवशी आणून ठेवू नका, त्याच दिवशी तोडलेल्या हव्यात. बोटाने दाबून बघा, आत दाणा टचटचीत लागला पाहिजे.

मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. भांबुर्डा म्हणजे भात निघाल्यावर शेतात आपोआप उगवणारं रोप, पान चुरगाळलं की उग्र वास येतो. त्या वासाशिवाय पोपटी होत नाही, नुसत्या उकडलेल्या शेंगा होतात. शेंगा धुवून, त्यांना जाडं मीठ आणि ओवा चोळायचा, आणि मग थरावर थर : शेंगा, बटाटे, रताळी, छोटी वांगी. मांसाहारी मडक्यात मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मधल्या थरात ठेवतात, अंडी वरच्या थरात. तोंडाशी पुन्हा भांबुर्डा, गच्च. पाणी नाही, तेल नाही.

मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि सभोवती पेंढा, काटक्या, सुकी झावळी, गोवऱ्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास जाळ चांगला राहिला पाहिजे, म्हणून एकीने फक्त जाळाकडे बघायचं, तिने गप्पांत पडायचं नाही. झालं की नाही ते उघडून बघता येत नाही. पाण्यात हात बुडवून मडक्यावर थेंब शिंपडायचे. चर्र होऊन थेंब तिथल्या तिथे उडाला की झालं. मग ओल्या गोणपाटाने धरून मडकं सरळ करायचं आणि केळीच्या पानावर ओतायचं. वाफ आणि भांबुर्ड्याचा वास एकदम वर येतो आणि चटके बसत असतानाच सगळे हात घालतात. शेंगेचं टोक दातात धरून ओढलं की दाणा तोंडात आणि साल हातात. आम्ही बोलायचं थांबतो ते फक्त एवढ्या वेळापुरतं.

तुमच्या शाकाहारी ताईंसाठी मडकंच वेगळं लावायचं. आमच्यातही एक माळकरी आहे. तिचं मडकं लहान असतं, स्वतंत्र जाळावर, आणि ते आधी उघडतात. मग तिच्या मडक्यातल्या शेंगा सगळ्याच खातात, कोंबडीची पानं तशीच वाट बघत राहतात.

ज्यांच्याकडे उतराल त्यांना दोन दिवस आधी पोपटीचं सांगा. त्यांची शेतजमीन असेल तर तिथेच लावतील. परक्या शेतात किंवा सुरूच्या बागेत जाळ करू नका, खाली पडलेल्या सुया झटकन पेटतात.

ठाणेकरीण

मंगळवार-बुधवार पक्कं! नाशिकवालीच्या पैशांचं तुमचं वाक्य मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं आणि बडोदेवालीने पाच मिनिटांत सगळ्यांकडून पैसे गोळा केले. आता फक्त सामानाची यादी. मडकी इथून आणायची का? आणि जानेवारीत रात्री तिथे थंडी कितपत असते?

नागावची

मडकी आणू नका, इथे मिळतात. घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज आला तर चीर गेलेली असते आणि जाळावर फुटतं. पाचजणींना एक मोठं आणि एक लहान पुरे. रात्री शेतावर गारवा असतो, शाल पुरते. मागे पट्टा असलेले सँडल, टॉर्च, एक जुना टॉवेल आणि जाड मिठाची पिशवी एवढं आणा. सुती ओढण्या आणा, जाळाजवळ नायलॉनच्या नकोत. तृतीयेला सकाळी सव्वासातला किनाऱ्यावर या, मी आणि आमच्यातल्या दोघी तिघी तुमच्याबरोबर किल्ल्यापर्यंत चालू. कालवं घेणाऱ्या एका मावशी ओळखीच्या आहेत, त्यांना तुमच्यासाठी आधी सांगून ठेवते.